बिघाडाच्या मॅडम

"काय बिघडलं?"

भेटलेल्या माणसाला मॅडम पहिल्यांदा हेच विचारायच्या. नमस्कार नाही, कसे आहात नाही. फाटकात शिपाई भेटला तरी हेच, प्राचार्य भेटले तरी हेच. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात तर स्टेजवर चढून, नवरदेवाच्या हातात आहेर ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "काय बिघडलं जी?" नवरदेव घाबरून नवरीकडे बघायला लागला. मांडव हसला, नवरीची आईसुद्धा हसली. मी त्यांच्या मागेच आहेराचं पाकीट धरून उभी होते. मनात म्हटलं, हेच मी विचारलं असतं तर मला जेवू न घालता घरी पाठवलं असतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा गैरसमज नको. मी या बाईवर जळत होते. अजून जळते. लोक म्हणतात, वय झालं की हे सगळं निवतं. माझं निवलेलं नाही. त्यांच्याबद्दल चार ओळी लिहायला बसले तरी तसंच जळायला होतं, जसं स्टाफरूममध्ये त्यांच्याभोवती पोरापोरींचा घोळका बघून व्हायचं.

मोहाडीच्या आमच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवते, त्या केमिस्ट्री शिकवायच्या. संशोधन मात्र दोघींचं एकाच गोष्टीवर, बॅटरीवर. मोबाइलच्या नेहमीच्या बॅटरीत आत एक द्रव असतो. लिथियमचे कण त्या द्रवातून इकडून तिकडे जातात आणि बॅटरी चालते. पण तो द्रव पेट घेऊ शकतो. म्हणून त्याच्या जागी घन पदार्थ बसवायचा, ज्यातून लिथियम जाईल पण आग लागणार नाही, यासाठी जगभर माणसं झटताहेत. त्या पदार्थाला सॉलिड इलेक्ट्रोलाइट म्हणतात. तो टिकावा म्हणून मीही माझ्या परीनं झटत होते. मॅडमना तो टिकण्यात रस नव्हता. तो मरतो कसा, एवढंच त्यांना बघायचं असायचं.

"चालते त्याच्यात काय पाहाचं?" त्या म्हणायच्या. "चालते थे सगळे सारखेच चालते. मरते थो दरेक अलग मरते."

त्यांच्या कपाटात एकही धड वस्तू नव्हती. फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्या, गंजलेले टॉर्चचे सेल, कुणाच्या तरी ई-रिक्षाचं पोट फुटलेलं धूड. मोहाडीच्या आठवडी बाजारात मोबाइल दुरुस्त करणारा एक जण बसतो, तो त्यांच्यासाठी मेलेल्या बॅटऱ्या बाजूला काढून ठेवायचा. मॅडम भाजीच्या पिशवीत त्या घेऊन यायच्या, वांग्यांच्या वर. मग वर्गात टेबलावर मांडायच्या आणि पोरांना म्हणायच्या, "बोला, कायनं मेला हा?" पोरं अशी तुटून पडायची की मधली सुट्टी झालेली कळायची नाही. माझ्या वर्गात मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आधीच डबे उघडायचे.

त्या आंधळगावच्या. घर पिढ्यान्‌पिढ्या तलावात जाळं टाकणाऱ्यांचं. वडील गेल्यावर भावानं मासोळीबरोबर ठेक्यानं थोडी धानाची शेतीही सुरू केली, आणि मॅडम त्या भावाकडेच राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. काहून नाही केलं, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "दोन पदार्थ एकमेकाले टेकवले का मधात काय होते, थे मले पक्कं माहीत हाय जी."

हा विनोद नव्हता, त्यांचा सिद्धांतच होता. घन बॅटरी आतून फारशी बिघडत नाही, बिघडते ती शिवेवर, जिथं लिथियम आणि इलेक्ट्रोलाइट एकमेकांना टेकतात तिथं. एक तर दोघांच्या मध्ये भलताच थर जमतो आणि वाट अडते. नाही तर चार्जिंग करता करता लिथियम फुगतं, आकसतं, आणि मध्ये फट पडते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लिथियमचे बारीक काटे पदार्थाच्या दाण्यांमधल्या सांध्यांतून आत शिरतात आणि एके दिवशी पार पलीकडे निघतात, की बॅटरी संपली. हे मी फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी काढून दाखवायची. मॅडम खडूला हात न लावता सांगायच्या, धानाच्या खाचराचा आणि त्याच्या मातीच्या बांधाचा दाखला देऊन.

"धानाच्या बांधीले धुरा असते का नाही? बाहेरून कसा गुळगुळीत दिसते. आतमधी खेकडा बीळ पाडून राहिला, थे तुमाले दिसते काय? नाही दिसत. मंग सकाळी जाऊन पाहा, बांधी रिकामी, पानी दुसऱ्याच्या वावरात. हे लिथियम म्हंजे खेकडा हाय."

त्या वर्षीच्या परीक्षेत सगळ्या वर्गानं खेकडा लिहिला. माझी तीन रंगांची आकृती कुणीच काढली नाही. पेपर मीच तपासले.

इलेक्ट्रोलाइटची पांढरी पूड खलात घोटायची, साच्यात दाबून तिची अंगठ्याच्या नखाएवढी गोल चकती करायची आणि ती भट्टीत भाजायची, असं ते काम असतं. आम्ही तिला पेलेट म्हणतो. मॅडम बत्तासा म्हणायच्या. दिसायलाही तशीच, आणि ओल लागली की तशीच कामातून जाणारी. भाजून झालेला बत्तासा त्या कानाशी धरून नखानं वाजवायच्या. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर बाजूला. मीही एकदा दार लावून वाजवून पाहिला. मला सगळे सारखेच ऐकू आले.

त्यांचं नाक तर कानाच्याही वरताण होतं. इलेक्ट्रोलाइटचा एक प्रकार गंधकाचा असतो. त्याला हवेतली ओल लागली की सडक्या अंड्याचा वास सुटतो, आणि तो वायू विषारी. म्हणून त्याचं काम आर्गॉन भरलेल्या बंद काचपेटीत करतात. एकदा मी स्वतः पेटीजवळ बसून काम करत होते आणि मॅडम व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाकडून ओरडत आल्या, "उठा जी तिथून! पेटी फुटली!" हातमोज्याला सुईएवढं भोक पडलं होतं. मी नाकाशीच बसले होते आणि मला काही आलं नव्हतं.

"मासोळीवाल्याच्या घरची हाय मी," त्या म्हणाल्या. "सडलेलं पहिले मले समजते."

मी सगळ्यांना सांगितलं की मला त्या दिवशी सर्दी होती.

तपासणी समिती आली होती तेव्हाची गोष्ट तर अजून कॉलेजात सांगतात. माझी लॅब मी आठवडाभर घासूनपुसून ठेवली होती. फलक, चार्ट, बाटल्यांवर चिठ्ठ्या, दारात रांगोळी. समिती आली, अध्यक्षांनी मान डोलावली, "छान, नीट आहे," म्हणाले आणि पुढे गेले. मॅडमच्या लॅबमध्ये टेबलावर बत्तासे मांडलेले होते. अध्यक्ष वाकून काहीतरी विचारायला लागले, तर मॅडमनी तोंडावर बोट ठेवलं.

"बोलू नोका साहेब. तुमच्या वाफेनं मरते थो."

प्राचार्यांचा चेहरा पडला. अध्यक्षांनी मात्र निमूट खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला, आणि मग अख्खी समिती रुमाल लावून, श्वास धरून त्या पांढऱ्या चकत्यांकडे बघत उभी राहिली. बाहेर आल्यावर अध्यक्ष म्हणाले, "याला म्हणतात लॅब." मी रांगोळीजवळ उभी होते. कुणाचा तरी बूट पडून मधलं कमळ पुसलं गेलं होतं.

इथवरचं सगळं मी सोसलं असतं. लोकांचं प्रेम, पोरांचे घोळके, समितीचे रुमाल, घ्या म्हटलं असतं सगळं. पण मग माझी मुलगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आली.

एकुलती एक. लहानपणी माझ्या लॅबच्या स्टुलावर बसून पाय हलवत अभ्यास करणारी. सॉलिड इलेक्ट्रोलाइट हा शब्द तिनं माझ्या तोंडून ऐकला, दुसऱ्या कुणाच्या नाही. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो आणि त्यासाठी कुणाच्या तरी हाताखाली काम करावं लागतं. माझ्या प्लास्टिकसारख्या पातळ फिल्मच्या इलेक्ट्रोलाइटचं काम मी तिच्यासाठी दोन वर्षं मांडून ठेवलं होतं, मुलीच्या लग्नाची भांडी जमवतात तसं. एका संध्याकाळी ती चपला काढता काढता म्हणाली, "आई, मी प्रोजेक्ट मॅडमकडे करते."

"माझ्याकडे काय कमी आहे?"

"कमी काहीच नाही गं. तुझ्याकडे सगळं नीट आहे." मग चपला ओळीनं लावत म्हणाली, "तुझ्या लॅबमध्ये काही बिघडतच नाही ना."

माझ्या कामाची एवढी स्तुती आजवर कुणी केली नव्हती, आणि एवढा अपमानही.

त्यानंतर माझ्याच घरात मॅडम राहायला आल्यासारखं झालं. त्या कधी आमच्या उंबऱ्यात आल्या नव्हत्या, पण मुलगी रोज त्यांना घेऊन यायची. पाण्याच्या पेल्यावर नख मारून कान लावायची. भात वाढताना नाक फेंदारून वास घ्यायची. सकाळी मला उठवताना म्हणायची, "काय बिघडलं, आई?" आणि तिची भाषा! मी नागपूरच्या शाळेत मराठीची बक्षिसं मिळवलेली बाई. लग्न होऊन भंडारा जिल्ह्यात आले, इथली बोली कानावर पडत राहिली, पण जिभेवर कधी आली नाही, आणि मुलीच्या जिभेवरही मी येऊ दिली नव्हती. आता ती ताटावर बसून म्हणायची, "आई, मले आंबील दे." तिच्या वडिलांना कौतुक वाटायचं, ते मूळचे इथलेच. मी आंबील वाढायची.

मॅडम तिला पोट्टी म्हणायच्या. माझ्या मुलीला! "पोट्टी आली काय?" "पोट्टीनं जेवलं काय?" आणि मुलगी पोट्टी म्हटल्यावर अशी पळत जायची, जशी माझ्या हाकेला कधी गेली नाही.

एकदा तिला यायला उशीर झाला. मी दारातच उभी, प्रश्नांवर प्रश्न. कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस, फोन का नाही उचललास. ती शांतपणे म्हणाली, "आई, कमी दाबलं तर सुटते, जास्त दाबलं तर तडकते." लिथियम आणि बत्तासा टेकलेले राहावेत म्हणून मॅडम सेलला सुताराचा शिकंजा लावायच्या, त्याच्याबद्दलचं हे वाक्य. ते माझ्यावर चालवण्याची परवानगी पोरीला कुणी दिली होती? आत गेली आणि शिट्टी वाजवत हातपाय धुवायला लागली.

आणखी एक दिवस आठवतो. जेवताना ती सांगत होती. भट्टीत बत्तासा भाजताना लिथियम उष्णतेनं उडून जातं. ते वाचावं म्हणून बत्ताशाच्या भोवती आणि वर त्याच मसाल्याची पूड पसरतात. तिला मदर पावडर म्हणतात. ती पूड स्वतःचं लिथियम घालवते, म्हणून बत्ताशाचं शिल्लक राहतं. "आणि मग?" तिच्या वडिलांनी विचारलं. "मग काय, भाजून झालं की ती पूड झटकून टाकतात." मी वरण वाढत होते. मला हे सगळं तिच्या जन्माच्या आधीपासून माहीत होतं, पण ते सांगत होती ती मॅडमच्या आवाजात.

मग दिवाळीच्या सुट्टीत मॅडमचं चुकलं.

मुलीनं सहा महिने खपून बत्तासे केले होते. सुट्टीनंतर लगेच ते सेलमध्ये बसवून मोजमाप करायचं आणि नागपूरला ते काम मांडायचं, असं ठरलेलं. सुट्टीत कॉलेजची वीज जायची, काचपेटीचा भरवसा नव्हता, आणि ओल शोषणाऱ्या बरणीचं झाकण तडकलेलं. तेव्हा मॅडमनी बत्तासे स्टीलच्या डब्यात घालून आंधळगावला घरी नेले आणि डबा धानाच्या ढोलीत पुरून ठेवला.

ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी. आमच्या जिल्ह्यात जे जे कोरडं ठेवायचं ते धानात नाही तर तांदळात जातं. काडेपेटी, औषधाच्या गोळ्या, बियाणं. तलावात मोबाइल पडला की लोक दुकानात नेण्याआधी तांदळाच्या डब्यात खुपसतात. जुना सुकलेला धान ओल ओढून घेतो, यात खोटं काही नाही. धानानं आतली ओल ओढावी म्हणून मॅडमनी डब्याचं झाकण मुद्दाम सैल ठेवलं. पण दिवाळीच्या तोंडावर नवा धान निघतो, हे त्या विसरल्या. भावानं डब्यापर्यंतचा जुना धान भरडायला काढला आणि त्याच ढोलीत मळणीचा नवा धान ओतला, नीट ऊन न दाखवताच. नव्या धानात हात घातला तर आत ऊब लागते. तो श्वास घेत असतो, ओल सोडतो, आपण उच्छ्वासातून सोडतो तो वायूही सोडतो. हे दोन्ही बत्ताशाचे वैरी, आणि डबा पंधरा दिवस त्यांच्यामध्ये झाकण सैल ठेवून बसला होता.

सुट्टीनंतर डबा उघडला तेव्हा मी तिथंच होते, मुद्दाम. बत्ताशांवर दुधावर येते तशी साय आली होती. मॅडमनी एक उचलला, कानाशी धरला, नख मारलं. बद्द. दुसरा, बद्द. मुलीनं एक यंत्रावर लावला. त्या यंत्राच्या पडद्यावर एक अर्धगोल येतो, जितका मोठा अर्धगोल तितका अडथळा मोठा. अर्धगोल पडद्यात मावेना.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? आत दिवाळी पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटलं. आता ही रडेल, मॅडम कारणं सांगतील, आणि संध्याकाळी पोरगी माझ्याकडे येईल. माझ्या फिल्म तयार होत्या, ओळीनं, चिठ्ठ्या लावून.

मुलीचे डोळे भरून आलेच. मॅडम स्टुलावर बसल्या. एक पाय खाली मुडपून, नेहमीसारख्या.

"माझी चूक हाय," त्या म्हणाल्या. "नवा धान होता. भावाले इचाराले पाहिजे होतं, नाही इचारलं. तुही सहा महिन्याची मेहनत मी ढोलीत पुरली." आणि मग, अगदी त्याच आवाजात, "आता रडून घे, अन् मंग मले सांग, कायनं मेला हा?"

मुलगी रडली. दुपट्ट्यानं नाक पुसलं. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत ती पुढे वाकली, तोंडाला रुमाल लावला आणि त्या सायीकडे बघायला लागली. ती नजर मी ओळखत होते. लहानपणी मुंग्यांची रांग बघताना तिची तशी नजर व्हायची, आणि मी शाळेला उशीर होतो म्हणून तिला ओढून न्यायची.

पुढचे दिवस दोघींनी काय धुमाकूळ घातला! साय पॉलिश पेपरनं घासून काढली. थोडा अडथळा गेला, थोडा राहिला. म्हणजे बिघाड वरचा नव्हता, आतही शिरला होता. मग त्यांनी नवे बत्तासे करून मुद्दाम मारायला घेतले. काही जुन्या धानात, काही नव्या धानात, काही तलावाच्या पाळीवर उघड्यावर. आंधळगावच्या घरी मॅडमचा भाऊ म्हणे विचारायचा, "आज कोनाले पुरता?" मुलगी शनिवारी-रविवारीही तिकडेच. मी फिल्मवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या.

नागपूरला तिनं काम मांडलं तेव्हा मी सभागृहात बसले होते. एका परीक्षकानं विचारलं, "ही कल्पना सुचली कशी?" माझी मुलगी हसली. "सुचली नाही सर. ही आमच्या मॅडमची चूक आहे." आणि तिनं ती ढोलीची गोष्ट अशी सांगितली, जसं कुणी आजीचा दागिना काढून दाखवावा. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मॅडम शेवटच्या रांगेत बसून वाळलेल्या मासोळीचा डबा उघडायच्या बेतात होत्या. माझ्या बिनचूक कामाबद्दल आयुष्यात कुणी त्या चेहऱ्यानं बोललं नाही. त्यांची चूकसुद्धा माझ्या यशापेक्षा देखणी निघाली, आता याला काय करायचं?

मुलगी बेंगळुरूला गेली. तिथं बॅटरीच्या एका संशोधन संस्थेत तिला जागा मिळाली. त्याच वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभात सगळे बोलले, मीही बोलले. "आदरणीय," "समर्पित," असलं सगळं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "चांगलं बोलल्या जी. एकबी चूक नाही." मग त्या आंधळगावला गेल्या आणि कॉलेज एकदम शांत झालं. माझ्या वर्गात डबे उघडतात ते आता मला ऐकू यायला लागलं.

गेल्या थंडीत एके दिवशी संध्याकाळी दाराची कडी वाजली. मॅडम. हातात कापडी पिशवी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काय बिघडलं, मॅडम?"

"काई नाही जी. इकडून जाऊन राहिली होती."

आंधळगावाहून कुठंही जायला आमच्या घरावरून वाट नाही. मी आत घेतलं. त्यांनी पिशवीतून उकडलेले शिंगाडे काढले, तलावातले, काळेभोर. "पोट्टीले आवडते," म्हणाल्या.

मुलगी इथं नाही हे त्यांना माहीत होतं. तिला शिंगाडे आवडतात हे मला माहीत नव्हतं. मी चहा टाकला. त्या खुर्चीवर बसल्या, एक पाय मुडपून, आणि भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे बघत राहिल्या. आधी फॅनकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे, मग पुन्हा फोटोकडे.

"फोन येते काय तिचा?"

"रोज येतो," मी म्हटलं. "याच वेळेला. दिवसभर काय झालं ते सगळं सांगते."

"रोज?" त्या म्हणाल्या. कपातल्या चहावर साय धरली होती, ती त्यांनी बोटानं बाजूला केली. "मले दिवाळीले आला होता. बत्ताशाचा फोटो. खाली काई लिवलं नव्हतं." मग जरा वेळानं, "जेवते काय म्हने थे नीट?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ही बाई माझ्यावर जळत होती. इतक्या लांबून, शिंगाड्यांचं ओझं घेऊन, जळायला आली होती. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. एखाद्यानं माझी अनेक वर्षांची बाकी एका रकमेत आणून टेबलावर ठेवावी, तसं काहीतरी.

आणि फोन वाजला. मी स्पीकर लावला आणि मॅडमना तोंडावर बोट ठेवून खूण केली, अगदी त्यांच्यासारखीच. मॅडम इथं आहेत हे मी मुलीला सांगितलं नाही. मला त्यांना ऐकवायचं होतं, मुलगी आईशी कशी बोलते ते.

"अय्यो, आई! ऐक ना!"

अय्यो?

"आमच्या इथल्या मॅडम आहेत ना, मी सांगितलं होतं बघ. अगं त्या सेल लावला की त्याच्यासमोर गाणं म्हणतात! खरंच! म्हणतात, पहिल्या चार्जिंगला त्याला एकटं सोडायचं नाही. आज माझा सेल गेला, तर मला कॅन्टीनमध्ये नेऊन डोसा खाऊ घातला, म्हणाल्या, सुतकाचा डोसा. आई, तू त्यांना एकदा भेटच. असं माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही गं."

मी मॅडमकडे बघितलं. सोलता सोलता अर्धा राहिलेला शिंगाडा त्यांच्या हातात तसाच होता. मुलगी बोलतच होती. त्या मॅडम असं म्हणतात, त्या मॅडम तसं करतात, त्यांच्यासारखी वेणी घालायला मी शिकतेय. मग, "चल आई, त्या स्वयंपाकघरातून बोलावतायत. ठेवते. अय्यो, दूध उतू जाईल," आणि फोन बंद.

मी फोन टेबलावर उलटा ठेवला.

"गानं?" मॅडम म्हणाल्या.

"गाणं," मी म्हटलं.

"गान्यानं काय बत्तासा वाचते?"

"नाही ना."

"अन् हे अय्यो काय हाय? आपल्या घरी कोनी अय्यो म्हनते काय?"

"कुणीच नाही म्हणत," मी म्हटलं. 'आपल्या घरी' हे मी ऐकलं होतं, आणि ते मी सोडून दिलं.

मॅडमनी शिंगाडा पूर्ण सोलला आणि माझ्या हातात दिला. मी खाल्ला. गोड होता. बाहेर अंधारायला लागलं होतं आणि आंधळगावची शेवटची गाडी चुकणार होती, पण त्या उठेनात. इतक्या वर्षांच्या माझ्या जळण्याला पहिल्यांदा सोबत मिळाली होती, म्हणून मीही उठा म्हटलं नाही. चहाचं आधण पुन्हा ठेवलं.

"उद्या याच टायमाले येते काय फोन?"

"याच वेळेला."

"मंग येते मी," मॅडम म्हणाल्या, आणि दुसरा शिंगाडा सोलायला घेतला. "आवाज जरा मोठा ठेवा जी. त्या बाईचं मले सगळं आयकाचं हाय."